दोन वाजून तीन मिनिटांचा भोंगा

देवरावभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भिलाईत, जुनवानी भागातल्या माझ्या घरी दाढी करत होतो. तसाच एका गालाला साबण लावून सायकलवर निघालो. दारात मला पाहून त्यांची रडणारी बहीणसुद्धा क्षणभर थांबली. त्यांच्यासमोर माझी फजिती होत आली, ती अशी शेवटपर्यंत...

मी वर्ध्याहून भिलाईला आलेला कारकून, ते भंडाऱ्याकडचे भट्टीवाले. मोठ्या पोलाद कारखान्याला सुटे भाग ओतून देणारी आमची छोटी फाउंड्री. तेव्हा ऑर्डरी इतक्या, की भट्टीला थंड व्हायला सवड नसे. निळ्या काचेतून वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग पाहून देवरावभाऊ ओतायची वेळ सांगत. माझ्याकडे वह्या, अर्ज आणि पाळीच्या भोंग्याचं बटण. त्या बटणाचा मला फार तोरा. माझं घड्याळ तीन मिनिटं मागे, त्यामुळे आसपासचे सगळे भोंगे वाजून गेल्यावर आमचा वाजे. 'आमच्या बाबूचा भोंगा जेवून येते,' देवरावभाऊ म्हणत.

पुढे ऑर्डरी आटल्या. शेजारच्या फाउंड्र्या एकेक करून बंद पडल्या आणि एक दिवस आमच्याही फाटकाला कुलूप लागलं. कामगार बाहेर उन्हात बसलेले, आत मालकाने आणलेली माणसं हातात लोखंडी पाइप घेऊन उभी. आम्हा कारकुनांना मागच्या दाराने आत घेतलेलं. बोलणी चालू आहेत, फाटक उघडायचं ठरलं तर भोंगा वाजेल, असं कामगारांना सांगितलं होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं... म्हणजे, सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. डबा खाल्ला, घड्याळात दोन वाजलेले पाहिले, आणि रोजच्या सवयीने बोट बटणावर गेलं.

बाहेर आनंदाचा गलका उठला. माणसं फाटकाकडे धावली. आतल्यांना वाटलं, हल्ला आला. ते फाटक उघडून पाइप उगारूनच बाहेर पडले. बंद खिडकीतून मला हाडं मोडल्याचा आवाज येत होता. पडलेल्यांनाही ते मारत होते, तोंडावर, गुडघ्यांवर. देवरावभाऊ एका पडलेल्या माणसावर आडवे झाले. पाइप त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसला, आणि पुन्हा तिथेच. मी टेबलाखाली शिरलो. तिथे हेडक्लार्क आधीच होते, त्यांनी सरकून जागासुद्धा दिली नाही.

भट्टीवाल्याचा डोळा गेला. भोंगा कोणी वाजवला याचा शोध सुरू झाला. सापडेल त्याचे पाय तोडायचे, असं कामगारांत ठरलं होतं. 'मालकाच्या मानसायनं,' देवरावभाऊंनी दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं आणि शोध थांबला. मी संत्री घेऊन भेटायला गेलो, कबूल करायचं म्हणून तोंड उघडलं, आणि उन्हाळ्याबद्दल बोलून परत आलो.

काही वर्षं शेड गंजत पडली. मग ऑर्डरी पुन्हा सुटू लागल्या, तसे देवरावभाऊंनी जुने साथीदार जमवले, शेड भाड्याने घेतली, लहान भट्टी बसवली. मला बोलवायला स्वतः आले.

'बाबू, लिहापढाले मानूस पाहिजे. चाल.'

'भाऊ, आधी आयका. त्या दिवशी भोंगा...'

'दोन वाजून तीन मिनटांनी वाजला. दुसरा कोन वाजवन?'

'मंग कावून सांगितलं नाही?'

'तुये पाय मलेच तोडाचे होते. दुसऱ्याले कायले सांगू? खाटेवर पडल्या पडल्या तोच इचार करून राहिलो होतो. मंग तू संत्री घेऊन आला, अन् सोलून सगळी सोताच खाल्ली. अशाले काय मारू?'

मी चपला घातल्या.

एका डोळ्याने लोखंडाचा रंग ओळखायला ते नव्याने शिकले. पहिल्या काही ओतण्या फसल्या, ते लोखंड पुन्हा भट्टीत गेलं. मान पूर्ण उजवीकडे वळवून ते डावा डोळा काचेला लावत. शेड पुन्हा दोन पाळ्यांत चालू लागली.

त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. परवा भट्टीपाशी मोहन होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेला चाळिशीचा माणूस, दोन्ही डोळे शाबूत. त्याने काच उचलली, मान उजवीकडे वळवली, उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहू लागला. लोखंड असंच पाहायचं असतं, एवढंच त्याला ठाऊक. मी जवळ गेलो, सांगावं म्हणून...

'काय झालं, बाबूजी?'

'काही नाही,' म्हटलं. 'पाहा तू.'