बारा वर्षं न हललेला दांडा

आमच्या जीपमध्ये गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा आहे. बारा वर्षं मी विचारत होते, हा कशाला? "त्याने चारही चाकांना जोर मिळतो," आमचे हे सांगायचे. मग दाखवा की! तर म्हणे, इथे गरज नाही. जीप ह्यांनी बदलापूर गावातल्या शेतावर चिखलातून जायला घेतली, आणि त्याच वर्षी तिथे सिमेंटचा रस्ता झाला. घ्या आता!

गेल्या वर्षी ह्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. हे म्हणाले, विकून टाकू. पन्नाशीनंतर मी गाडी शिकले होते, तीही शुक्रवारी, अंबरनाथ एमआयडीसी बंद असते तेव्हा तिथल्या रिकाम्या रस्त्यांवर. म्हटलं, मी चालवीन की. "हे धूड तुला झेपायचं नाही." "का नाही झेपायचं?" बरीच हुज्जत झाल्यावर ह्यांनी अट घातली: जैसलमेरला वाळूतली एक सोपी वाट आहे, ती पार करून दाखव, गाडी तुझी. नाही जमलं तर विकायची.

हमरस्त्यावर भाच्याने चालवली. वाळूशी पोचल्यावर त्याला चहाला बसवलं. तिथल्या वाटाड्याने आधी चाकांतली हवा कमी करायला घेतली. दर रविवारी पंपावर हवा तपासणारा आमचा माणूस! कुणी दूध ओतून देतंय असा चेहरा केला. मला मात्र कुतूहल, पसरट चाक वाळूत रुतत कसं नाही? "ऊंट का पैर देखा है, दीदी?" वाटाड्या म्हणाला. अगं बाई, खरंच की!

मग तो दांडा. खट्. एवढंच? एवढ्यासाठी बारा वर्षं!

चढ अर्धा झाला आणि समोर वाळूचा उंचवटा आला. माझा पाय आपोआप ब्रेकवर. आमच्याकडे ब्रेक नाही लावला तर पलीकडून रिक्षा आलीच समजा. ह्यांचा पाय तर निघाल्यापासून रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. जीप रुतली. संपलं, गाडी गेली. मला रडूच फुटलं.

वाटाड्या खालून ओरडला, आलात त्याच चाकोरीतून मागे या, आणि आता मध्ये थांबू नका. मी हळूहळू मागे आले. ह्यांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"अहो, हे काय?"

"माझा पाय सारखा ब्रेक शोधतो. ते बघून तूही दाबतेस."

पुन्हा निघालो. उंचवटा जवळ आला.

"पुढे काय आहे गं?" ह्यांनी विचारलं.

ह्यांना बाजूचं दिसत नाही, हे मला माहीत होतं. समोरचंही गेलंय, हे तेव्हा कळलं.

"वाळू," मी म्हटलं. "नुसती वाळू."

"मग जाऊ दे."

जाऊ दिली. वर पोचलो. गाडी माझी झाली होती, पण ओरडायला तोंड उघडलं तर हे मांडी न मोडता विचारत होते, "आता काय दिसतंय?"

मी गाडी थांबवली आणि डावीकडून सांगायला सुरुवात केली.