ईनॉक लडलमला राजेपद सोडायचं होतं

आमच्या थॉर्नबेक गावात इंग्लंडचा खरा राजा राहतो. तो मेंढ्यांच्या कुरणांना दगडी बांध घालतो आणि फक्त गुरुवारी आंघोळ करतो. ही दुसरी बातमी पबवाल्या मॉरीनची. तिला कुठून कळली, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

राजाचं नाव ईनॉक लडलम. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवायचा, हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. पण हे घराणं एका जुन्या राजाच्या लग्नाच्या बायकोच्या, दरबारानं डावललेल्या मुलापासून निघतं, असा शोध आमच्या पिकर्सगिल मास्तरांनी निवृत्तीनंतर लावला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "लावू देत. दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुडण्यापेक्षा बरं." शोध खरा की खोटा, देव जाणे. राजवाड्याकडून हूं की चूं आलं नाही. गावाला तेवढं पुरलं.

जत्रेच्या रविवारी मॉरीन ईनॉककडे गेली. "एक दिवस राजा हो रे. गवताच्या गाडीतून मिरवू तुला. बिअरच्या नव्या पिंपातला पहिला घोट तुझा."

ईनॉक लाजाळू. त्याला नको होतं. पण आमच्या यॉर्कशरच्या डोंगरात चोर खपतो, दारुडा तर आवडतोच; ज्याला थट्टा सोसत नाही, त्याच्या शेजारी मात्र कुणी बसत नाही. तो हसला आणि गाडीत चढला. तिथंच फसला.

औट घटकेचं राज्य निदान संपतं तरी. हे संपेना. बेकरीत गेला की, "सरका, सरका, महाराजांना पाव हवाय." बांधावर वाकला की ट्रॅक्टरवाले टोपी काढणार. त्याच्या आईच्या दफनाला मागून कुणीतरी कुजबुजलं, "राजमाता गेल्या." खड्ड्याकडे बघत ईनॉकनं ओठ ताणले. मी शेजारीच उभा होतो. हसू म्हणतात ते हे नव्हे. पुढे राजा बघायला बसगाड्या येऊ लागल्या, पबचं छप्पर नवं झालं, आणि मग तर त्याला सुट्टी मिळायचा प्रश्नच उरला नाही.

एकदा तो समुद्रावर व्हिटबीला गेला. तिथे थेल्मा स्केल्टन नावाची विधवा तळलेल्या माशांचं दुकान चालवायची. तिनं विचारलं, "काय देऊ हो दाढीवाले?" एवढ्यानंच गडी विरघळला. एका बैठकीत तीनदा मासे खाल्ले. मग दर शनिवारी जायला लागला. शेवटी तीच म्हणाली, "असा किती दिवस ये-जा करणार? दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. राहायला ये."

राजेपदाबद्दल त्यानं तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. जगात तेवढी एकच जागा त्याची त्याला उरली होती. जत्रेच्या दिवशी गावाला रामराम ठोकायचा आणि थेल्माच्या गाडीत बसून निघायचं, असं त्यानं ठरवलं.

जत्रेत तो गवताच्या गाडीवर उभा राहिला. "मी हे राजेपद सोडतोय. मला कंटाळा आलाय. मी व्हिटबीला राहायला चाललोय."

मग मास्तर ओरडले, "सिंहासनाचा त्याग! वा!" आणि टाळ्यांचा कडकडाट.

"अरे, मी खरंच सांगतोय!"

लोक पोट धरून हसले. आमच्याकडे विनोद करणाऱ्यानं स्वतः हसायचं नसतं. जितका चेहरा दगडी, तितका विनोद भारी. ईनॉकचा चेहरा तर त्या दिवशी फत्तर झाला होता.

"थट्टा नाही रे बाबांनो," तो रडकुंडीला आला.

"बास कर मेल्या, बरगड्या दुखायला लागल्या," मॉरीन डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या वर्षी अस्सं, अगदी अस्संच करायचं हं!"

तेवढ्यात थेल्माची गाडी आली. ईनॉक उडी टाकून तिच्याकडे धावला. "उतरू नकोस. गाडी वळव, आधी गाडी वळव."

पण ती उतरलीच. "हा काय तमाशा चाललाय?"

"राणीसाहेब आल्या!" गाव गरजलं. मॉरीननं पुठ्ठ्याचा मुकुट आणून तिच्या डोक्यावर ठेवला. ईनॉकला क्षणभर धीर आला. थेल्माच्या तोंडाला व्हिटबीचे कोळी टरकून असतात. आता ही सगळ्यांना सोलून काढणार.

थेल्मानं मुकुट चाचपला. जरा डावीकडे केला.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"अगं, चल ना इथून."

"थांब रे. ती बाई माझा फोटो काढतेय." मग झगा सावरून ती गवताच्या गाडीत चढली, पाठ ताठ करून बसली आणि मनगटातून असा काही हात हलवला, की आमच्या मास्तरांनी नकळत टोपी काढली.

शेजारचं गवत थोपटत ती ईनॉकला म्हणाली, "चढा की वर, महाराज."

ईनॉक चढला.

व्हिटबीचं दुकान विकून झालं. राणी आल्यापासून राजा फारच गंभीर दिसतो, असं बसमधून आलेली मंडळी म्हणतात, आणि पुढच्या खेपेला आणखी माणसं घेऊन येतात.