अण्णांची खंडेनवमी

एक नारळ, झेंडूच्या दोन माळा, अकरा महिने सस्पेन्शन आणि कायमची हुकलेली बढती.

इटलीच्या कामगारांसाठी मांडलेली ती पूजा अण्णांना एवढ्याला पडली.

आज पहाटे अण्णा गेले. कुंडलला, स्वतःच्या घरी.

आज विश्रामबागेत माझं नाव लावलेलं वर्कशॉप आहे. पण कंपनीत प्रेस मशिनवर माझा हात बसवला तो अण्णांनी. ते आमच्या युनियनचे अध्यक्ष, मी ऑपरेटर.

आमच्याच कंपनीचा एक कारखाना इटलीत. तिथं संप सुरू झाला आणि तिथली डाय, म्हणजे लोखंडी साचा, पेटीत बसून आमच्याकडं आली. त्यांचं काम आम्ही काढायचं, की त्यांचा संप मोडला.

मागोमाग तिथल्या युनियनचा मेसेज. इंग्रजीत. वाचणारा मी एकटा.

"अण्णा, आमची डाय चालवू नका म्हणतायत."

अण्णा तंबाखू मळत होते. "सरळ न्हाई म्हटलं तर उद्या कंत्राटी माणसं आणून चालवतील. खंडेनवमी कवा हाय रं?"

"परवा."

"मग झालं."

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी मशिनं पुजतो. त्या वर्षी ती डाय मधोमध मांडली. हळदकुंकू, माळा. नारळ अण्णांनी मॅनेजरसाहेबांच्या हातात दिला. साहेब साताऱ्याचे, देवभोळे. बूट काढून स्वतः फोडला.

दसरा झाल्यावर साहेब म्हणाले, "चढवा आता डाय प्रेसवर."

"आवं साहेब, उत्तरपूजा झाल्याबिगर हात कसा लावायचा?"

"मग करा की उत्तरपूजा."

"डाय त्यांची, मान त्यांचा. तिकडचा संप मिटला की त्यांचा सांगावा यील."

हसावं का चिडावं, हे ठरवण्यात साहेबांचे चार दिवस गेले.

मग कंत्राटी माणसं आणली. ती लांबूनच पाया पडून बाजूला झाली.

सोळाव्या दिवशी मी सांगितलं, "अण्णा, मिटला संप." अण्णांनी अक्षता टाकल्या आणि डाय हलवली.

पुण्याच्या हेड ऑफिसातून चौकशी आली. अण्णांनी लिहून दिलं, पूजा मी एकट्यानं मांडली.

रिटायर झाले ते ऑपरेटर म्हणूनच.

पण रुबाब काय सांगू. "इटलीचा संप एका नारळावर जिंकला गड्या," हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक जेवणावळीत. मी कधी मध्ये बोललो नाही.

आज दुपारी इटलीच्या युनियनला कळवलं. लगेच फोटो आला. त्यांच्या युनियन ऑफिसच्या भिंतीवर मी तेव्हा पाठवलेला फोटो आहे, मोठा करून, फ्रेममध्ये. आपली डाय, आपल्या माळा आणि अण्णांचा हळदीचा हात. आज त्याखाली कुणीतरी फुलं ठेवलीत.

अण्णा, निवांत जावा.

सोळाव्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं.

तो संप आपण हरलो होतो.