गेणूचं चौथं कडवं

मोरगावच्या गेणूआबांना स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, पण खाटेवर टेकले की लगेच उठतात. त्यातून कुठं वरातीत 'कऱ्हेच्या काठी कडं हरवलं' वाजलं, की घरच्यांची खैर नसते. हे गाणं माझं, म्हणून जो तोंडाचा पट्टा सुरू होतो, तो ताट वाढलं तरी थांबत नाही.

गाणं त्यांचंच आहे. बाविसाव्या वर्षी तमाशाच्या फडासाठी त्यांनी ते रचलं. फडाची रीत अशी, की रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं. पण मुंबईत रेकॉर्ड निघाली ती तीन मिनिटांची. चौथं कडवं गळालं, त्यासोबत गेणूही गळाला. तबकडीवर छापलं, 'पारंपरिक'. गाणं गावोगाव गाजलं आणि बाविशीतला धडधाकट माणूस जिवंतपणी परंपरेत जमा झाला.

तेव्हापासून आबांनी ते कडवं कागदावर उतरवलं नाही की कुणाला ऐकवलं नाही. हेही कुणी पळवलं तर? लग्नाच्या नवलाईत बायकोला, म्हाळसाबाईंना, तेवढं एकदा म्हणून दाखवलं होतं. पण त्या चुलीपुढं तीन कडवी गुणगुणायच्या आणि गप्प व्हायच्या. हिलासुद्धा आपलं कडवं नको, हा आबांचा जुना राग.

यंदा त्यांच्या नातवाची, मल्हारची, हळद होती. लोणी देवकरच्या कारखान्यातले त्याचे मित्र याच गाण्यावर नाचत होते. मल्हारनं बँजोवाल्यांना आधीच सांगून ठेवलेलं. तिसरं कडवं संपताच वाद्यं थांबली आणि माइक आबांच्या हातात आला. आठ दिवस आबा याच घटकेसाठी अंगणात येरझाऱ्या घालत होते.

ओठ हलले. शब्द मात्र येईना. इतकं जपून ठेवलेलं कडवं त्यांना आठवेना. पोरं शिट्ट्या मारू लागली.

मग हळदीच्या हातांनी म्हाळसाबाई उठल्या. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी तोंडातून न काढलेली बाई. त्यांनी माइक घेतला आणि सबंध कडवं खणखणीत म्हटलं, अगदी शेवटापर्यंत: "मोरगावच्या गेणूला घावलं."



"येत हुतं तर कधी म्हणली का न्हाईस?" आबांनी विचारलं.

"त्यात तुमचं नाव हाय," त्या म्हणाल्या. "कसं घ्यायचं?"

आबा खुर्चीत बसले, आणि जेवणाचं बोलावणं येईपर्यंत तिथंच बसून राहिले.