बैलांसाठी केलेले रिंगण

मी मोटारसायकल शिकलो ती वेगाच्या हौसेने नव्हे. एका माणसाला चारचौघांत हरवायचे होते, आणि दुसऱ्या कोणत्याही विद्येत तो माझ्यासमोर उभा राहण्याची शक्यता नव्हती, म्हणून शिकलो. हे आरंभीच सांगितलेले बरे. नाहीतर मास्तरांना तरुणपणी फटफटीचे वेड होते, असा वाचकांचा समज व्हायचा.

हा माणूस अमरावतीच्या खाणावळीतला माझा सोबती. मी शिक्षकी पेशाची परीक्षा देत होतो. तो काय करीत होता हे त्यालाही सांगता आले नसते. आमच्या पंगतीत मोटारसायकल बाळगणारा तो एकटाच होता. अकोल्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवण्याची जागा निघाली आणि मला सकाळी अकराला मुलाखतीसाठी बोलावणे आले. त्या दिवशी पहाटेची मोटार भरून गेली. मी प्रमाणपत्रांची सुरळी हातात धरून अड्ड्यावर उभा असताना तो फटफट करीत आला.

"मास्तर, कुठी चालला?"

"अकोल्याले. अकराले मुलाखत हाय माही. मोटार हुकली."

"मंग तोंड काहून पाडतं? बस मांगं. दहाच्या आत उतरवतो तुले."

मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. मागच्या चाकात हवा कमी वाटते, जरा उतरून पाहा, म्हणाला. मी उतरलो, वाकलो, चाक अंगठ्याने दाबून पाहिले. हवा उत्तम होती. तसे सांगण्यासाठी मान वर केली, तोवर गाडी पन्नास पावले पुढे गेली होती. त्याने मागे न पाहता एक हात वर केला. मास्तरला एकदा गाडीवर बसवून अर्ध्या वाटेत उतरवून दाखवीन, अशी त्याने आदल्या रात्री पंगतीत पैज मारली होती, हे मला नंतर कळले. मी कापसाच्या गठाणींच्या ट्रकवर बसून पावणेदोनला अकोल्यात पोचलो. केसांत आणि भुवयांत कापूस अडकलेला. शाळेच्या शिपायाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि साहेब जेवायला गेले, जागा भरली, एवढेच सांगितले. पुढची दोन वर्षे मी दर्यापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत एकाच खोलीत चार वर्ग शिकवले.

त्या दिवसापासून मी त्याला 'तुम्ही' म्हणू लागलो. त्याचा अर्थ त्याला कधी लागला नाही.

यथावकाश मला अकोल्यातच दुसऱ्या शाळेत नोकरी मिळाली. दुर्दैवाने तोही सासऱ्याचा तेलघाणा सांभाळायला अकोल्याच्या जुन्या शहरात येऊन राहिला, आणि येताना ती हकीकत घेऊन आला. ती तो फार रंगवून सांगे. त्याच्या हकीकतीत मी छत्री उगारून गाडीमागे धावत असे. वस्तुतः महिना जानेवारीचा होता आणि माझ्याजवळ छत्री नव्हती. मुलाखतीचा मात्र त्यात उल्लेख नसे. मी कुठे आणि कशासाठी निघालो होतो, हे ऐकणाऱ्यांनी कधी विचारले नाही आणि त्याने कधी सांगितले नाही. ही गाळलेली ओळ मला छत्रीपेक्षा अधिक डाचत असे.

पानठेल्यावर मी दिसलो की कोणीतरी म्हणे, "उतरा मास्तर, मूर्तिजापूर आलं." शिक्षकांच्या खोलीतही तेच नाव पोचले. एके दिवशी नववीच्या वर्गात गेलो, तर फळ्यावर रेल्वेच्या पाटीसारख्या सुबक अक्षरांत 'मूर्तिजापूर' लिहिलेले होते. मी फळा पुसला, त्रिकोणांच्या एकरूपतेचा पाठ पूर्ण केला आणि त्याच आठवड्यात लष्कराने निकालात काढलेली एक जुनी मोटारसायकल विकत घेतली.

शिकणे ही पद्धतशीर करण्याची गोष्ट आहे. मी रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर चुन्याने इंग्रजी आठचा आकडा आखून त्यावर गाडी फिरवीत असे. प्रथम पहिल्या गिअरमध्ये, मग दुसऱ्या. क्लच कोठे पकडतो, ओल्या मातीवर मागचे चाक केव्हा सरकते, ब्रेक दाबल्यावर गाडी किती पावलांत थांबते, हे वहीत टिपून ठेवीत असे. दोन वर्षांत दोनदा हात खरचटला आणि एकदा सायलेन्सरने पोटरी भाजली. पण एक सबंध वही भरली. संधीची वाट पाहणे एवढेच उरले होते.

ती संधी शंकरपटाने दिली. कापूस वेचून झाला की आमच्याकडे गावोगावी बैलांच्या शर्यती होतात. त्यांना शंकरपट म्हणतात. अकोल्याबाहेरच्या एका गावाने त्या वर्षी पटाच्या शेवटच्या दिवशी फटफट्यांची शर्यत ठेवली. बैलांची वाट सरळ असते. मंडळींनी तिला समांतर दुसरी वाट काढली, दोन्ही टोके अर्धवर्तुळांनी जोडली आणि त्याला रिंगण असे नाव दिले. नियम मात्र पटाचेच राहिले. बैलांच्या दोन जोड्या सुटतात तशा दोनच गाड्या एका वेळी सुटणार, आणि ज्याला ज्याच्याशी लढायचे असेल त्याने आधी त्याचे नाव सांगायचे. पुकारा झाल्यावर नाही म्हणणे म्हणजे नाक कापून घेणे. मी नाव सांगितले. कर्ण्यावरून त्याचे आणि माझे नाव एका दमात पुकारले गेले तेव्हा तो तेलघाण्यातल्या चार सोबत्यांसह कपबशीतला चहा फुंकीत उभा होता.

"अबे, मूर्तिजापूर माह्याशी लढून राहिलं," तो सोबत्यांना म्हणाला. ते पोट धरून हसले.

शर्यतीपूर्वी मी रिंगण पायी चालून पाहिले. कोणताही पाठ शिकवण्यापूर्वी तो स्वतः वाचावा, तसेच हे. सरळ भाग दोन दिवस बैलांच्या खुरांनी तुडवून टणक झाला होता. वळणे नवीन होती, आणि तिथे मी थबकलो. आतल्या बाजूने दहा-बारा हात रुंद पट्ट्यात वखर फिरवून काळी माती वीतभर भुसभुशीत केलेली, वरून पाणी शिंपडलेले. पटाचे कारभारी म्हातारे गृहस्थ होते. हातातली झेंडी काखेत धरून ते अभिमानाने माझ्यामागून आले.

"लोन्यावानी केली, मास्तर. खडा सापडला तं दाखवा."

"आजोबा, इथं बैल कुठी पळून राहिले? फटफट्या पळतीन."

"मंग? त्यायले का खडा टोचत नाई?" म्हातारा म्हणाला. "चाळीस वर्सं वाटा करून राहिलो म्या. एका बैलाचा खूर फुटला नाई."

त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. धावणाऱ्या प्राण्याच्या पायाखाली जमीन मऊ असावी, हे त्यांना जन्मभराच्या अनुभवाने ठाऊक होते. त्या ओल्या लोण्यात पुढचे चाक रुतले की हँडल हातात राहत नाही, हे मला माझ्या वहीवरून ठाऊक होते. बाहेरच्या कडेला आदल्या दिवशी बैलबंड्या लावल्या होत्या. तिथली माती दबून फरशीसारखी झाली होती. म्हणजे लांबून जाणारा सुरक्षित, जवळून जाणारा आडवा. आणि तो जवळून जाणार, याविषयी मला शंका नव्हती. जन्मात त्याने कोणतीही गोष्ट लांबच्या रस्त्याने केली नव्हती.

मी परतलो तेव्हा तो किक मारून गाडी गरम करीत होता.

"काय मास्तर, मोजून आला काय? कशी हाय वाट?"

"बैलांसाठी उत्तम केली आहे," मी म्हणालो.

"मंग मी बैलच हाव. चाल, हो बाजूले उभा."

'आतून जाऊ नका' हे तीन शब्द पुरे होते. शिक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट विचारणाऱ्याला सांगणे हा त्याचा धर्म आहे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. त्या क्षणी ते तीन शब्द माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले. मोह झाला, भान राहिले नाही, अशी सबब मला सांगायची नाही. भान पूर्ण होते.

झेंडी पडली. तीन फेऱ्या घालायच्या होत्या.

रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस नकळत सतत कशाची तरी अपेक्षा करीत असतो: आडवी येणारी म्हैस, समोरची बंडी, खड्डा. रिंगणावर यातले काहीच नव्हते. पहिल्या सरळ भागात थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर माझ्या ध्यानात आले की आजवर मी ते कधी पूर्ण पिळलेच नव्हते. वारा दातांवर आपटू लागला. दोन्ही बाजूंचे फेटे आणि टोप्या मिसळून एकच पांढरी रेघ झाली. भीती वाटली, पण त्या भीतीला तोंड एकाच दिशेला होते, आणि ती दिशा म्हणजे माझ्यापुढे धूळ उडवीत चाललेली त्याची पाठ. मी वळणाला बाहेर ओढलो गेलो, बैलबंड्यांच्या कडेने फिरलो. तो वळणाच्या मधोमध, टणक आणि मऊ यांच्या सीमेवरून निसटला आणि वीस पावलांनी पुढे गेला. लोक ओरडत होते. त्यात माझे नाव होते. म्हणजे खरे नाव नव्हे, गावाचे.

दुसऱ्या फेरीत त्याला वाटले असावे की अजून आत शिरले तर शर्यत संपलीच. त्याने गाडी आत घातली. पुढचे चाक रुतताना मी स्पष्ट पाहिले. हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकले, आणि गाडी त्याला खाली घेऊन आडवी झाली. तिचे मागचे चाक हवेत फिरतच राहिले.

मी थांबलो नाही. त्याच्यावरून माझी धूळ गेली. तिसऱ्या फेरीत पुन्हा त्या वळणाला आलो तेव्हा चौघे जण त्याच्या पायावरची गाडी उचलीत होते, आणि तो उताणा पडून माझ्याकडेच पाहत होता. मी वेग कमी केला. त्याचे पाहणे मला नीट पाहायचे होते. मग शेवटची रेषा ओलांडली. म्हाताऱ्याने माझ्या गाडीच्या हँडलला गुलाल लावला, बैलांच्या शिंगांना लावतात तसा, आणि तो पुटपुटला, "वाट तं लोन्यावानी होती, बावा."

त्याची नडगी मोडली होती. प्लास्टर बांधून त्याला घरी आणले. शाळेतल्या सहकाऱ्यांनी माझे अभिनंदन केले. मला झोप मात्र चांगली लागेना. पश्चात्ताप हे त्याचे कारण नव्हते. बाजारात जी हकीकत पसरली तिच्यात पट होता, पडणे होते, गुलाल होता. परंतु दर्यापूरकडची माझी दोन वर्षे आणि ती मुलाखत अजूनही नव्हती. काम अर्धेच झाले होते.

पहिल्या रविवारी मोर्णेचा पूल ओलांडून, आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सहा मोसंबी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर होता, पाय उशीवर. त्याच्या बायकोने दोघांपुढे चहा आणून ठेवला आणि दाराशी सुपात तूर निवडत बसली.

"तुले माहीत होतं ना, मास्तर? वळनावरचं?"

"होते."

"मंग काहून नाई सांगतलं? मी इचारलं होतं तुले."

"मूर्तिजापूरच्या अलीकडे मीही तुमच्यासाठी एक गोष्ट पाहिली होती. तुमच्या चाकात हवा भरपूर होती. तेवढे सांगायला तुम्ही थांबला नाहीत."

तो हसू लागला. तेच जुने हसणे. "अजून तेच धरून बसला काय बे? गंमत होती ते."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली. त्याला उठून जाता येत नव्हते, ही सोय मी येण्यापूर्वीच विचारात घेतली होती. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. अड्ड्यावर तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. अकरा हा आकडा मी उच्चारला होता. गठाणींचा ट्रक. शिपाई. दर्यापूरकडची शाळा, चार वर्ग, एक खोली. आई त्या दोन वर्षांत आजारी पडली आणि तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेण्याइतकी रजा मला मिळत नसे. तो आधी हूं हूं करीत होता. मग भिंतीकडे तोंड केले. मी थांबलो, आणि त्याने पुन्हा तोंड वळवल्यावर पुढे बोललो.

"बरं, झालं?" शेवटी तो म्हणाला.

"नाही. आता तुम्ही सांगा."

"म्या का सांगू?"

"हीच हकीकत. तुम्ही ती फार चांगली सांगता. ह्या वेळी पूर्ण सांगा."

त्याने बायकोकडे पाहिले. तिचे हात सुपातच थांबले होते. आठ वर्षे ती ही गोष्ट ऐकून हसली होती. काही वेळा माझ्या समोरही. तो घसा खाकरून बोलू लागला. "मास्तर अड्ड्यावर उभा होता. मी म्हनलं, बस. मूर्तिजापूरले उतरवलं. हा छत्री घेऊन—"

"छत्री नव्हती," मी म्हणालो. "आणि मी कुठे चाललो होतो, ते राहिले."

"अकोल्याले."

"कशासाठी?"

बाहेर घाण्याचा बैल फिरत होता. वर्गात एखादा मुलगा अडतो तेव्हा मी त्याला शब्द पुरवतो. त्याला मी पुरवला नाही.

"मुलाखत होती त्याची," तो बायकोकडे न पाहता म्हणाला. "नोकरीची. अकराची. त्यानं सांगतलं होतं मले."

"पुन्हा एकदा, पहिल्यापासून," मी म्हणालो.

त्याने पहिल्यापासून सांगितले. चुका दोनच झाल्या. त्या मी दुरुस्त केल्या. त्याची बायको मध्येच उठली, माझ्या हातातली रिकामी कपबशी घेतली आणि त्याची अर्धी भरलेलीही उचलून आत घेऊन गेली.