आपला गडी आधी बसवायचा

फुटबॉलच्या खेळाडूची किंमत कशी ठरते, हे मला कोणी विचारू नये. अलीकडे माझा मुलगा विचारतो. परदेशातल्या एका क्लबानं दुसऱ्या क्लबाकडून कुणाला तरी विकत घेतल्याची बातमी पेपरात येते, आकडा वाचून तो हसतो आणि म्हणतो, "बाबा, तुम्ही कोल्हापूरचे. हा खरंच एवढ्याचा असेल का हो?" मी "असेल" म्हणतो आणि आत जाऊन चहा टाकतो. त्याला वाटतं, बाबांना खेळातलं आता काही राहिलं नाही. मी एकदा एका खेळाडूची किंमत ठरवून बसलोय, आणि ती बरोबर होती की चूक हे मलाच अजून उमगलेलं नाही, हे त्याला ठाऊक नाही. घरात कुणालाच नाही.

साठच्या दशकाच्या शेवटाकडची वर्षं. तारापूरला वीजघराचं बांधकाम जोरात होतं. मी तिथं एका ठेकेदार कंपनीत टाइमकीपर होतो, म्हणजे कामगारांच्या हजेऱ्या लावायचो. राहायला बोईसरला, स्टेशनच्या मागं एका किराणावाल्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत. सकाळी कंपनीचा ट्रक न्यायचा, संध्याकाळी आणून टाकायचा. भोवती सगळी भातखाचरं, आणि त्यांत मी कोल्हापूरचा, बोलताना दर वाक्याला "मर्दा" म्हणणारा. लोक हसायचे. पण फुटबॉलचा विषय निघाला की गप्प होऊन ऐकायचे, कारण कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल कळतो असा एक समज होता. तो समज मी मोडला नाही. आमच्याकडं फुटबॉलचे संघ पेठांतल्या तालमींचे; खरं सांगायचं तर मी आमच्या तालमीचा राखीव गोलकीपर होतो, आणि राखीवच राहिलो.

मुंबईच्या मुख्य कचेरीला हौस आली की साइटचा फुटबॉलचा संघ असावा, कंपन्या-कंपन्यांच्या सामन्यांत उतरावा. काम आमच्या साहेबांवर पडलं. साहेब पुण्याचे, आयुष्यभर क्रिकेट बघितलेले. त्यांनी मला बोलावलं. मग वर्षभर संघाचं सगळं मीच बघत होतो. कुंभवलीकडं भात कापून झालेलं एक खाचर मालकाला विचारून घेतलं, धसकटं उपटली, बांबूचे गोल उभे केले. सरावाला एका गोलात मीच उभा राहायचो.

साइटवरची पोरं होतीच, पण दोन खेळाडू बाहेरून आणले. तेव्हा आपल्याकडं उघड पगारावर कुणी फुटबॉल खेळत नसे. नोकरी द्यायची, हजेरीपटावर फिटर लिहायचं, आणि खेळवायचं. दोघांच्या नावापुढं मीच "फिटर" लिहायचो. कामगार चेष्टा करायचे, "काय फिटर, आज काय बसवलं?" एक होता मुंबईच्या गिरणीच्या संघातून आलेला फॉरवर्ड. उंच, केसांना तेल, हिंदी बोलायचा, आणि बॉल पायात आला की मैदानाकडेचे लोक आपोआप उभे राहायचे. दुसरा एडवणचा, इथलाच, मच्छीमाराच्या घरातला. मुंबईत कचेऱ्यांच्या संघांत काही वर्षं खेळून घराजवळ नोकरी मिळते म्हणून परत आलेला. तो हाफबॅक. मधे उभा राहायचा. तो काय करतो हे विचारलं तर सांगता यायचं नाही, असा त्याचा खेळ.

हा हाफबॅक माझ्या खोलीत राहायला आला. दोन खाटा, एक स्टोव्ह. तो घरून सुके बोंबील आणायचा, मी कोल्हापूरची चटणी. पहिल्या दिवशी त्यानं चटणी चाखली आणि तांब्याभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "तुमच्याकडं पोरं जगतात कशी?"

रात्री जेवण झालं की खेळाच्या गप्पा. मी त्याला आमच्याकडचं सांगायचो. आमच्याकडं खेळाडूला किंमत हा शब्दच नव्हता. खेळाडू तालमीचा. तालीम त्याला दूध देणार, बूट देणार, शिव्याही तीच देणार. जिंकला तर खांद्यावर, हरला तर गल्लीतून मान खाली घालून घरी. दुसऱ्या पेठेकडून खेळायला गेला तर त्याच्या घरच्या लग्नालाही कुणी जाणार नाही.

"मग मी तर चार जागी खेळलो," तो म्हणाला. "माज्या लग्नाला कुत्रंपन येनार नाय."

"तुझं वेगळं. तू पोटासाठी खेळतोस."

"आनि तुमची पोरं काय हवेसाठी?"

भाड्यानं आणलेला माणूस सामना हरल्यावर रात्रभर कूस बदलत का पडतो, हे मला समजायचं नाही. तालीम ना, पेठ ना. उद्या दुसरी कंपनी बोलावेल तर तिच्याकडून खेळेल, आणि तिथंही असाच जागेल.

त्याच्या मनात किंमत होती, पण होडीवरची. "होडीवर कसं," तो सांगायचा, "मासली आली का वाटे पडतात. होडीचा वाटा, जाल्याचा वाटा, खलाशाला एक, तांडेलाला जास्त. तांडेल म्हंजे होडी चालवनारा. कोनी भांडत नाय. फुटबॉलात तांडेल कोन, सांग तू."

मी म्हटलं, फॉरवर्ड. गोल तोच करतो.

"तो तर जालं ओडनारा."

"मग तू तांडेल?"

तो हसला. "मला पन नाय ठाव. असतो तर वाटा मागितला असता."

पावसाळा तोंडावर आला तशी मुंबईहून सूचना आली. दोघांपैकी एकालाच कायम करता येईल, दुसऱ्याला सोडा. खोलीवर आलो तर ती बातमी माझ्याआधी पोचलेली. तो बूट पुसत बसला होता. इतकंच म्हणाला की कायम झालो तर बरं, कारण घरच्या होडीतला आपला वाटा मुंबईला जाताना भावाला देऊन टाकलाय, परत गेलो तर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जावं लागेल. साहेबांना माझ्यासाठी सांग असं काही म्हणाला नाही. मीही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर पंखा, पंख्याखाली उडणारे नकाशे, त्यांवर दगड.

"क्रिकेटमध्ये धावा दिसतात, बळी दिसतात," साहेब म्हणाले. "तुमच्या या खेळात मोजायचं काय? गोल मोजले तर प्रश्नच नाही, तो उंच पोरगा. पण लोक म्हणतात दुसराही चांगला आहे. तू सांग. तू सांगशील तसं लिहितो."

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. मला वाटतं मी म्हणणार होतो की पालघरच्या सामन्यात आमच्या गोलवर एकही फटका का आला नाही, ते बघा. पण साहेबांनी मधेच विचारलं, सहज, नकाशावरचा दगड सरळ करत, "तो तुझ्याच खोलीवर राहतो ना रे?"

बस. तेवढंच.

आता आमच्या तालमीतली एक रीत सांगायला हवी. अकरा निवडताना दोन गडी बरोबरीचे ठरले आणि त्यांतला एक वस्तादाच्या घरचा असला, तर आधी त्याला बाहेर बसवायचं. आपला गडी आधी बसवायचा, म्हणजे वस्तादाकडं कुणी बोट दाखवत नाही. माझे चुलते वस्ताद होते. पहिला गोलकीपर गुडघ्यात दुखावला होता, एका मोठ्या सामन्यात मी उतरणार हे सगळी गल्ली धरून चालली होती, आणि चुलत्यांनी मला बसवून शेजारच्या गल्लीतलं पोरगं उतरवलं. मी घरी येऊन रडलो. जेवताना चुलत्यांनी आपल्या ताटातली मटणाची नळी उचलून माझ्या ताटात टाकली. दुसऱ्या दिवशी गल्लीत लोक म्हणाले, वस्ताद खरा. आणि मलाही ताठ वाटलं, जणू मीच खेळून आलो होतो.

साहेबांनी खोलीचं विचारल्याबरोबर मी म्हणालो, "हो साहेब. म्हणून म्हणतो, त्यालाच सोडा."

साहेबांनी माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. ते मला आवडलं. हे कधी लिहिलं नव्हतं, आता लिहितो. मला ते आवडलं.

रीत पाळली की नोकरीला जपलो, की साहेबांच्या नजरेत चढायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आज निवांत बसून बघितलं तरी तिन्ही एकमेकांत गुंतलेली दिसतात, एक सोडवायला जावं तर दुसरं ओढलं जातं.

साहेबांनी त्याला दुपारीच सांगितलं, आणि माझा सल्ला घेतला तेही सांगितलं. संध्याकाळी मी खोलीवर गेलो तर तो पिशवी भरत होता. स्टोव्हवर भात ठेवलेला, दोघांचा.

"बस," तो म्हणाला. "एक इचारतो. तुला तो माज्यापेक्षा बरा खेळतो असं वाटतं काय? वाटत असंल तर बोल. मी रागवायचा नाय. मुंबईत मला दोनदा काडलाय, माजा खेळ बगून काडलाय. मी गेलो."

तेव्हा "हो" म्हणालो असतो तर सुटलो असतो, आणि तोही सुटला असता. मी त्याला रीत सांगायला लागलो. चुलते, सामना, नळी, सगळं. आमच्याकडं आपल्या माणसाला आधी बसवतात, तू माझा माणूस, म्हणून. मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्याला मी आपला म्हटलं, ही काही लहान गोष्ट नव्हती माझ्या लेखी.

तो पिशवीची नाडी धरून तसाच उभा राहिला.

"तुला बसवला तवा दुसऱ्या दिशी तू कुटं गेला?"

"तालमीत."

"आनि मी कुटं जानार?"

मी स्टोव्ह बंद करायला वाकलो.

"म्हंजे तू माजा खेळ बगितलाच नाय," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "खराब म्हनून काडला असता तर चाललं असतं. तू माप लावलंच नाय रं."

भात करपला होता. आम्ही तो खाल्ला. सकाळच्या ट्रकच्या आधी तो निघून गेला, चटणीची बाटली मात्र घेऊन गेला, हे मला नंतर दिसलं.

पुढच्या हंगामात काय झालं म्हणाल तर त्यातूनही काही निष्पन्न झालं नाही. पहिले सामने आम्ही जिंकलो. उंच फॉरवर्डनं गोल केले, साहेबांनी माझी पाठ थोपटली. मग वाईट हरलो. मला वाटलं, हा बघा, मधला माणूस नाही. पण त्याच दिवशी आमचा गोलकीपरही तापानं फणफणलेला होता. मग साइटचं काम आटपत आलं, माणसं पांगली, संघच मोडला. ज्या मापानं निर्णय तपासायचा ते माप हातात यायच्या आत कंपनीनं गाशा गुंडाळला.

मी ते सामने मनात परत परत बघतो. दिसतो तो फॉरवर्ड. डोळा बॉलमागं जातो आणि बॉल त्याच्याकडं. हाफबॅकचा एकही फटका मला आठवत नाही. आठवतो त्याचा मागून येणारा आवाज, "डाव्या अंगाला, डाव्या अंगाला," आणि त्या बाजूनं कुणीच आलेलं नसायचं. कुणी आलंच नाही याचं माप काय लावायचं? जो गोल झालाच नाही तो कुणाच्या नावावर मांडायचा? माझ्या मुलाच्या पेपरातल्या क्लबांना हे जमत असेल. मला जमलं नाही, आणि मी तर प्रयत्नही केला नव्हता.

साइट सोडण्याआधी एका रविवारी मी पालघरहून एसटीनं एडवणला गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूवर गावातले बाप्ये अनवाणी फुटबॉल खेळायला जमले होते, भिडू वाटून घेणं चालू होतं. एका बाजूचे भिडू तोच निवडत होता. रापला होता, दंड जाड झालेले. मला बघून त्यानं मान हलवली, कालच भेटल्यासारखी. मी विजार वर दुमडली आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. का, ते माहीत नाही. त्यानं मला घ्यावं असं वाटत होतं.

एकेक जण निवडला गेला. शेवटी मी आणि एक पांढऱ्या मिशांचे आजोबा उरलो. तो माझ्यासमोर आला. माझ्या पायांकडं बघितलं, हातांकडं बघितलं, घाई न करता, जसं जाळ्यातलं भोक शोधतात तसं.

"तुजा खेळ मी वरीसभर बगितलाय," तो म्हणाला. "तू बस."

आणि आजोबांना घेतलं.

मी कोरड्या वाळूवर जाऊन बसलो आणि अंधार पडेपर्यंत बघत राहिलो. त्या दिवशी ठरवून बॉलकडं बघितलं नाही, त्याच्याकडंच बघितलं. त्यानं त्या वेळी माझा हिशोब चुकता केला, की मला खरोखर मापून बसवलं, ते मला कळलं नाही. आजोबा मात्र चांगले खेळले.