अध्यक्षांची बाज

आमच्या साखर कारखान्याच्या संस्थापक अध्यक्षांचं स्मृती ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय रस्त्याला लागूनच आहे. कर्जतकडे जाणारी एसटी त्याच्या दारात थांबते. डाव्या हाताला ग्रंथालय, उजव्या हाताला संग्रहालय, मध्ये अध्यक्षांचा अर्धपुतळा. कारखान्याचं गाळप सध्या बंद आहे, पण पुतळ्यावरचा दिवा रोज लागतो.

ग्रंथालय आधी झालं. उसाच्या बिलातून कपात करून इमारत उभी राहिली आणि पुस्तकं बहुतेक भेट म्हणून आली. त्यात गौरवग्रंथ आणि स्मरणिका निम्म्याहून जास्त. काही वर्षं तिथला हिशेब मी तपासत असे, म्हणून हे सांगतो. परीक्षेची तयारी करणारी पोरं आपापली पुस्तकं घरून आणतात आणि पंख्याखाली बसून वाचतात.

संग्रहालयाचं काम अडलं ते वस्तूंवाचून. अध्यक्ष गेल्यावर मुलांच्या वाटण्या झाल्या, त्यात सामानही वाटलं गेलं. संग्रहालय समितीच्या हाती चष्मा, काठी आणि काळा टेलिफोन एवढंच लागलं. तेवढ्यानं हॉल भरेना. मग गावोगाव निरोप गेला की, अध्यक्षांनी वापरलेली एखादी वस्तू कुणाकडे असेल तर द्यावी. लोकांनी मनापासून दिल्या. नुसत्या खुर्च्याच अकरा आल्या, त्यातल्या चार ठेवून घेतल्या.

आमच्याकडून बाज गेली.

कारखान्याचं भागभांडवल गोळा करायला अध्यक्ष वस्त्यांवर फिरत, तेव्हा एकदा उन्हाच्या वेळी ते आमच्या अंगणात लिंबाखाली जेवले आणि त्या बाजेवर तासभर आडवे झाले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. बाज वडिलांनी लग्नानंतर स्वतः केलेली. दोर आईनं वळला होता आणि विणताना दुसऱ्या बाजूला तीच बसली होती. पुढे एक पाय मोडला, तिथं लिंबाचा बसवला. बाकीचे तीन बाभळीचे.

समितीची माणसं आली तेव्हा आईला जाऊन थोडेच दिवस झाले होते. तिचं आजारपण त्याच बाजेवर गेलं. शेवटी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिला भुईवर घेतलं. थंडीचे दिवस होते, खाली शहाबादी फरशी. "नका काढू, गार लागतंय," असं ती म्हणाली. ते मी ऐकलं आणि वडिलांनीही ऐकलं. आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, म्हणाली, "आता काढायचंच असतं, वैनी." आई त्या फरशीवरच गेली. नंतर वडील त्या बाजेवर झोपेनात. समितीनं विचारलं, तशी त्यांनी ती टेम्पोत चढवून दिली. लेखी काहीच झालं नाही.

गेल्या वर्षी वडिलांचं पोटाचं दुखणं वाढलं. नगरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी भाड्यानं लोखंडी कॉट आणली, मूठ फिरवून डोकं वर करता येतं तसली. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "ह्या लोखंडावर पाठ टेकत न्हाई. माझी बाज आन."

"दादा, ती आता संग्रहालयात आहे."

"म्हणूनच आन म्हन्तो. न् एक ध्यानात ठेव. तुझ्या आयला काढली तसं मला खाली काढायचं न्हाई. काय बी झालं तरी."

मी संग्रहालयाच्या व्यवस्थापकांकडे गेलो. माणूस वाईट नाही. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, पण ती आता अध्यक्षांची बाज आहे."

"ते तासभर झोपले होते साहेब."

"तासभर का होईना. बाकीच्या वस्तूंचं तर तेवढंही खात्रीचं नाही." हे ते हसत म्हणाले आणि लगेच दाराकडे पाहिलं.

परवानगी हल्लीच्या अध्यक्षांकडून आली, संस्थापकांच्या पुतण्याकडून. अट एकच होती. जयंतीला मंत्री येणार, त्याआधी बाज जागेवर पाहिजे. जयंती दीड महिन्यावर होती. मी हो म्हटलं. हो म्हणताना आपण कशाला हो म्हणतोय ते मला समजत होतं.

संग्रहालयानं बाजेला व्हार्निश मारलं होतं. वडिलांना उचलून तिच्यावर ठेवलं तेव्हा त्यांनी आधी पायथ्याकडचा पाय बघायला सांगितला. "लिंबाचा हाय का?"

"आहे."

"मग माझीच."

तारेनं बांधलेली पाटी बाजेच्या कडेला तशीच लोंबत होती. त्यांनी ती वाचायला लावली. मी वाचली, "संस्थापक अध्यक्षांची विश्रांतीची बाज."

वडिलांना हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "येक दुपार आडवा झाला, तर बाज त्याची. तुझी आय जलमभर झोपली, तिची पाटी कुठं हाय रं?"

पाटी काढू का, असं मी विचारलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "त्येंची वस्तू हाय, त्येंला माघारी द्यायचीय."

त्यानंतर व्यवस्थापकांचा दर आठवड्याला फोन येऊ लागला. "दादांची तब्येत कशी आहे?" मी म्हणायचो, "तशीच." पलीकडे थोडं थांबून ते म्हणायचे, "बरं बरं. काळजी घ्या." जयंती जवळ आली तसे फोन वाढले. एकदा बायकोनं फोन उचलला आणि म्हणाली, "अहो, अजून आहेत ते." मग दोन दिवस फोन आला नाही.

जयंतीला पंधरवडा राहिला असताना वडिलांचा श्वास बदलला. दुपारची वेळ होती. शेजारचे जमले, आत्या पायांशी बसली होती. तिनं मला हाक मारली, "चल लेका, घोंगडी टाक खाली. वेळ झाली."

"आत्या, खाली घ्यायचं नाही. ते सांगून ठेवलंय त्यांनी."

"आजारी मानूस काय बी बोलतंय. बाजंवर जीव गेला तर अडकून पडतो. तुला शिकवून हेच आलं व्हय?"

"आईला फरशीवर गार लागलं होतं, आत्या. तू होतीस तिथं."

ती मग उठून स्वतःच घोंगडी अंथरायला लागली. शेजारच्या दोघांनी वडिलांच्या खांद्याखाली हात घातले. वडिलांचे डोळे उघडे होते. त्यांनी बाजेची कड धरली होती. मी त्या दोघांचे हात बाजूला केले. जोर लावावा लागला. कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या. त्येंच्या घरचा सवाल हाय." ते दोघं बाहेर गेले.

वडील बाजेवरच गेले. बोटं सोडवताना मला वेळ लागला.

आत्या दहाव्यापर्यंत आमच्याकडे जेवली नाही. रोज येऊन नुसती बसून राहायची, पाणीसुद्धा घरून आणलेलं. तेराव्याला आलीच नाही.

चौदाव्या दिवशी व्यवस्थापक टेम्पो घेऊन आले. सोबत दोन माणसं होती. माझ्यापाशी बसले, वडिलांबद्दल चार चांगले शब्द बोलले. मग आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ, राग मानू नका. शेवटी खाली घेतलं होतं ना?"

"नाही. बाजेवरच गेले."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मंत्री त्या बाजेपुढे उभे राहून फोटो काढणार. समितीतल्या कुणाच्या कानावर गेलं तर? तुम्ही नुसतं खाली घेतलं म्हणा. कोण विचारतंय?"

"तुम्हीच विचारलंत, साहेब."

खोटं एवढंसंच बोलायचं होतं. पण ते बोललो असतो, तर त्या दुपारी मी वडिलांना फरशीवरच घेतल्यासारखं झालं असतं. माझ्याच्यानं ते झालं नाही.

व्यवस्थापक उठताना म्हणाले, "मग पाटी तेवढी द्या." मी तार सोडवली. ती वाकडी झाली होती. त्यांनी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि टेम्पो रिकामा गेला.

जयंतीला मी गेलो. मंत्री आले, भाषणं झाली, कारखाना लवकरच सुरू होईल असं सांगून झालं. गर्दी ओसरल्यावर मी उजवीकडच्या हॉलमध्ये शिरलो. लाल दोरीच्या आत, त्याच जागी बाज होती. व्हार्निश नवं, चारही पाय बाभळीचे. कडेला तीच पाटी, त्याच वाकड्या तारेनं बांधलेली. बापाच्या कडेवरची एक लहान मुलगी दोरीवरून हात घालू पाहत होती. बाप तिला म्हणाला, "हात नको लावू, साहेबांची हाय."

व्यवस्थापकांनी मला पाहिलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "तुमची कुठं ठेवलीत?"

"पडवीत आहे," मी म्हटलं.

भिंतीला उभी करून ठेवली आहे. तिच्यावर कुणी झोपत नाही, मीही नाही. बायको म्हणते, मिरच्या तरी वाळत घालू. मी अजून हो म्हटलेलं नाही. बाजेचं काय करावं ते आत्याला विचारावं असं वाटतं, पण ती अजून आमच्या दारात आलेली नाही.